लेबल मात्र हातानेच

झाकणाचं मशीन घ्यायचं, यावर दोघा भावांचं एकदाचं एकमत झालं. ते व्हायला चार वर्षं लागली होती, त्यामुळे धाकट्या भावजींना वाटलं, सुटलो. पण कसलं काय! थोरले दादा म्हणाले, "सीलचं मशीन आण, झाकणाचं आण. लेबल मात्र हातानेच लागेल."

"अरे, पण का?"

"मशीनचं लेबल वाकडं लागतं."

दादांच्या बायकोला, वहिनींना, हसू आवरेना. वीस वर्षं त्या स्वतःच्या हाताने लेबलं लावत होत्या आणि त्यातली निम्मी तरी वाकडी असायची. एका गिऱ्हाईकाने तर, तुमच्या बरणीवरचं मांजर नेहमी घसरून पडताना का दिसतं, असं लिहून विचारलं होतं. दादांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता. आणि आता साठीच्या उंबरठ्यावर त्यांना लेबलाच्या सरळपणाचा एवढा पुळका आला होता.

कारखाना म्हणायचा, पण होत्या तीन खोल्या. मागे शिजवायचं, मधल्या खोलीत भरायचं, पुढच्या खोलीत तपासायचं. कुत्र्यामांजरांचं ओलं खाणं काचेच्या बरण्यांत भरून त्यावर पत्र्याचं झाकण हाताने पिळून बसवायचं, मग बरण्या वाफेच्या मोठ्या कुकरात जायच्या. एका वेळच्या बरण्यांना सगळे घाणाच म्हणत. घाणा थंड झाला की दादांच्या टेबलावर यायचा, आणि तिथे खरी परीक्षा असायची. दादा हातातल्या बारीक सळईने प्रत्येक झाकणावर एक ठोका मारायचे. बरणी हवाबंद असेल तर झाकण खणखणीत वाजतं, कुठे हवा शिरली असेल तर आवाज बद्द येतो. खणखणीत वाजली की बरणी टेबलावरून वहिनींकडे सरकायची, वहिनी तिच्यावर तारखेचा शिक्का आणि लेबल लावायच्या. बद्द वाजली की ती खालच्या टोपलीत. दिवसाला हजारभर बरण्या, आणि दादांचा कान कधी चुकला नव्हता. बायका त्यांना पाठीमागे कानसेन म्हणत. दादांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आता हाताने झाकणं पिळून पिळून बायकांची मनगटं गेली होती, मागणी वाढली होती, म्हणून मशीन. शोधाशोध करून भावजींनी एक मशीनवाला पक्का केला. त्याच्याकडे चार तुकडे होते आणि हवे ते जोडून घेता येत होते: वाफ सोडून झाकण सील करणारा, ते बेताने आवळणारा, झाकण आत दबलंय की नाही ते पाहून खराब बरणी बाजूला ढकलणारा तपासणीचा डोळा, आणि लेबल लावणारा. भावजींना डोळा नको होता.

"कशाला हवा डोळा? दादाचा कान आहे ना फुकट," ते म्हणायचे. "पण लेबलाचं घेऊ या. वहिनींना किती दिवस गोंदात हात घालायला लावायचे?"

"तिची तक्रार आहे का?" दादा विचारायचे.

"तक्रार नाही हो माझी," वहिनी म्हणायच्या, "पण कुणी सुटका करत असेल तर मी काही नाही म्हणणार नाही."

यावर दादा रागाने उठून जायचे. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून त्यांनी उठून जावं, याचं वहिनींना नवल वाटायचं. खरं सांगायचं तर मनातून थोडं बरंही वाटायचं. आपण समोर बसलेलं यांना हवं असतं, असं त्या समजत होत्या. दादा ठोका मारला की मान वर करून त्यांच्याकडे बघायचे. दर ठोक्याला. तीस वर्षांच्या संसारानंतर नवरा दिवसातून हजार वेळा बघतोय म्हटल्यावर कुठल्या बाईला वाईट वाटेल?

घरी मात्र दादांना कमी ऐकू येत होतं. दोन वर्षं झाली होती. टीव्हीचा आवाज शेजारी तक्रार करतील इतका लागे. फोन वहिनीच उचलत. दुकानदार भेटायला आला आणि दादांनी भलतंच उत्तर दिलं, की वहिनी म्हणत, "हे विचारात असले की असंच होतं यांचं." कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की दादा दोन दिवस अबोला धरत, म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला. आणि टेबलावर काही चुकत नाही हे त्या रोज डोळ्यांनी बघत होत्या. बायकोचं ऐकू येत नाही आणि बरणीचं येतं, यात त्यांना काही वेगळं दिसलं नाही. बहुतेक नवरे तसेच असतात, असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मशीनचं हे सगळं चाललेलं असतानाच बरण्या परत यायला लागल्या. आधी एक, मग दोन, अशा सात. झाकणं फुगलेली, उघडली की नाकाला पदर लावायची पाळी. मग एका जनावरांच्या डॉक्टरचा फोन आला. एकाच आठवड्यात दोन मांजरं आणि एक कुत्रा, तिन्ही घरांत यांचीच बरणी. त्यातलं एक मांजर गेलं. ते एका निवृत्त पोस्टमनचं होतं. त्याने बरणी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून परत पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, की बारा वर्षांचं होतं, म्हातारं होतं, कदाचित तुमची चूक नसेलही, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून पाठवतो. ती चिठ्ठी वहिनींनी दोनदा वाचली आणि ती बरणी फळीवर बाकीच्या परत आलेल्यांशेजारी ठेवली.

"दुकानदार उन्हात ठेवतात," भावजी म्हणाले. "दादाच्या हाताखालून बद्द बरणी जाणं शक्य नाही."

दादा सळई पुसायला लागले.

मशीन बघायला तिघंही गेले. मशीनवाल्याची शेड मोठी होती, गुळगुळीत फरशीची, तेलाचा वास येणारी. त्याने मशीन चालवून दाखवलं. बरण्या रांगेने आल्या, झाकणं डोक्यावर येऊन बसली, वाफेचा फुत्कार झाला आणि डोळ्याखालून जाताना एक बरणी आपोआप बाजूला ढकलली गेली. वहिनी बघतच राहिल्या. लेबल तर असं सरळ लागलं की त्यांना स्वतःची लाजच वाटली.

"डोळ्याचं आम्हाला काम नाही," भावजी ऐटीत म्हणाले. "आमच्याकडे घरचा डोळा आहे. म्हणजे कान."

मशीनवाला हसला. सूटबूट घातलेला, गोडबोल्या माणूस. म्हणाला, "मग होऊन जाऊ द्या ना एक सामना! दहा बरण्या ठेवतो. दोन मुद्दाम सैल केलेल्या. कोणत्या ते मलाच माहीत."

"मी काय सर्कशीतला आहे का?" दादा म्हणाले.

"दादा, दाखव रे याला," भावजी म्हणाले. लहानपणापासून मोठ्या भावाची फुशारकी मारायची त्यांना हौस, ती पन्नाशी उलटली तरी गेली नव्हती.

मशीन बंद झालं. शेड एकदम शांत झाली. टेबलाच्या एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला बाकीचे, आणि वहिनी नेहमीसारख्या बरोबर समोर. दादांनी खिशातून सळई काढली. पहिली बरणी खणखणीत वाजली. दादांनी मान वर केली, वहिनींकडे पाहिलं, आणि म्हणाले, "चांगली." दुसरी, चांगली. तिसरीवर ठोका पडला आणि आवाज बद्द आला, ओल्या लाकडावर मारल्यासारखा. वहिनींच्या कपाळाला आठी पडली. भातात खडा लागला की पडते तशी, आपोआप. दादांनी मान वर करून पाहिलं, बरणी उचलली आणि बाजूला ठेवली.

"वा!" मशीनवाला म्हणाला. भावजींनी टाळी वाजवली.

वहिनींनी वाजवली नाही. त्या दादांच्या हाताकडे बघत होत्या. ठोका मारल्यावर दादांचा हात जागच्या जागी थांबला होता. मान वर होऊन वहिनींचा चेहरा बघून होईपर्यंत तो थांबला आणि मगच हलला. निवाडा ऐकून झाला नव्हता. बघून झाला होता.

चौथी. ठोका, मान वर, नजर, मग शब्द. पाचवी. तसंच. दोन वर्षं ज्या नजरेला वहिनी मनातल्या मनात जपत होत्या, ती नजर त्यांच्याकडे बघत नव्हती, त्यांच्या कपाळावरची आठी शोधत होती. त्यांना भयंकर अपमान वाटला. आणि त्या अपमानाच्या मागोमाग दुसरी गोष्ट सुचली, तेव्हा अपमान कुठल्या कुठे गेला. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मुलीच्या पायाचं ऑपरेशन झालं म्हणून त्या सहा आठवडे तिच्याकडे जाऊन राहिल्या होत्या. तेवढे दिवस लेबलाला एक मुलगी बसवली होती. तिच्या कानांत सदा गाण्याच्या वायरी असायच्या आणि ती मान डोलवत लेबलं लावायची. त्या सहा आठवड्यांत दादा कुणाच्या तोंडाकडे बघत होते?

सहावी, सातवी चांगली. आठवीवर ठोका पडला.

बद्द. अगदी बद्द. वहिनींनी दात आवळून धरले आणि चेहरा कोऱ्या पाटीसारखा केला. डोळ्यांची पापणीसुद्धा हलू दिली नाही. दादांनी पाहिलं. थांबले. पुन्हा एक ठोका मारला, जरा जोरात, आणि पुन्हा पाहिलं. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बघून वहिनींना वाटलं, आठी पाडावी, आता पाडावी, अजून वेळ आहे. एवढ्या लोकांसमोर आपल्या माणसाला तोंडघशी पाडायचं म्हणजे काय! पण पोस्टमनने धुऊन पाठवलेली बरणी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"चांगली," दादा म्हणाले.

मशीनवाल्याने शेवटपर्यंत वाट पाहिली आणि मग अदबीने आठवी बरणी उचलून झाकण बोटाने फिरवलं. ते सहज फिरलं.

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना भावजी एकटेच बोलत होते. परकी जागा, वर मशीनची घरघर तास-दीड तास कानांत बसलेली, कुणाचाही कान फसेल, दहात एक चूक म्हणजे चूकच नव्हे. आणि मशीनवाला लबाड आहे, त्याला डोळा गळ्यात मारायचाय. उद्या दुपारी तो कागद घेऊन येईल, सीलचं आणि झाकणाचं घेऊन टाकू, दादाची इच्छा आहे तर लेबल हातानेच राहू दे. भावजींनी असं सगळं एकट्यानेच मिटवून टाकलं. मागच्या सीटवर दादा खिडकीबाहेर बघत होते. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनी नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका यायच्या आधी वहिनींनी फळीवरच्या परत आलेल्या सगळ्या बरण्या, पोस्टमनचीसुद्धा, काढून टेबलावर मांडल्या आणि बुडाचे शिक्के वाचले. एकही तारीख त्या सहा आठवड्यांच्या बाहेरची नव्हती. त्या दादांच्या समोर जाऊन बसल्या.

"अहो, या सगळ्या मी नव्हते तेव्हाच्या आहेत."

दादांनी बरण्यांकडे पाहिलंही नाही. "काल तू मुद्दाम केलंस."

"हो."

"कळलं म्हणजे तुला." ते थोडा वेळ सळईशी चाळा करत बसले. "मलाही आधी माहीत नव्हतं गं. मला वाटायचं, मला ऐकू येतंय. मग एकदा तू पाणी प्यायला उठलीस आणि सगळ्या बरण्या एकसारख्या वाजायला लागल्या."

"मग काय केलंत?"

"तू येऊन बसेपर्यंत थांबलो."

"आणि सहा आठवडे?"

"सहा आठवडे कसं थांबणार? घाण्यावर घाणा निघत होता. भाऊ काय म्हणाला असता? मी अंदाजाने..."

वहिनींना रडू यायला लागलं, पण त्यांनी ते येऊ दिलं नाही. "मला सांगायचं होतंत."

"काय सांगू? बहिरा झालो म्हणून सांगू? मला दुसरं काय येतं?" दादांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "हे बघ. तुला वेगळं काही करायचं नाही. तू कुठे जाऊ नकोस म्हणजे झालं. नुसती समोर बस. आपल्या दोघांत एक कान पुरतो की."

लग्न झाल्यापासून दादांनी त्यांच्याकडे असं कधी काही मागितलं नव्हतं. वहिनी हो म्हणणारच होत्या. शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता.

"आणि बाहेर आहेत त्या?" त्यांनी विचारलं. "त्या सहा आठवड्यांतल्या?"

"त्या आतापर्यंत संपल्या असतील."

"संपल्या असतील म्हणजे कुणीतरी खाल्ल्या असतील."

दादांनी सळईने टेबलावरचा गोंदाचा डाग खरवडायला घेतला.

"मशीनवाला यायच्या आत तुम्ही भावजींना सांगा," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तर बरं."

सकाळभर दादा बरण्या वाजवत राहिले. वहिनी समोर बसून लेबलं लावत राहिल्या. बद्द बरणीला त्यांच्या कपाळाला आठी पडायची, दादा टोपलीत टाकायचे. नेहमीसारखं काम चाललं होतं आणि दोघंही मनातून मेल्यासारखी झाली होती. भावजी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा वहिनींनी दादांकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा दादांनी पुढची बरणी ओढली.

दुपारी मशीनवाला आला. भावजींनी त्याला टेबलापाशीच बसवलं आणि कागद मोठ्याने वाचला. सील आणि झाकण, दोन तुकडे. डोळा नाही. लेबल नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पेन दादांपुढे धरलं. दादांनी ते घेतलं, सही करायला वाकले, आणि वहिनी उभ्या राहिल्या.

"भावजी, डोळा घ्या. लेबलाचंही घ्या."

"आता काय झालं, वहिनी? कालपर्यंत तर..."

वहिनींनी दादांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी वर पाहिल्यावरच त्या बोलल्या, सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून, म्हणजे दादांना कळल्याशिवाय राहू नये. पाठीमागून बोलणं त्यांना पाप वाटलं असतं.

"यांना ऐकू येत नाही. हे माझ्या तोंडाकडे बघून बरण्या काढतात. मी नव्हते तेव्हाच्या बरण्या कुणीच तपासल्या नाहीत, असं धरा. त्या आजच्या आज परत मागवा."

मशीनवाल्याने आपली बॅग मांडीवर घेतली आणि नजर खाली घातली. भावजींचं तोंड उघडं राहिलं. ते आधी हसले, मग दादांकडे वळून म्हणाले, "दादा, काय बोलतायत या?" दादा वहिनींकडेच बघत होते.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे, वहिनी?" भावजींनी विचारलं. इतक्या वर्षांत ते त्यांच्याशी अशा आवाजात कधी बोलले नव्हते.

कालच कळलं, असं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. वहिनींनी तसं म्हणायला तोंड उघडलंही.

"बरण्यांचं काल कळलं," त्या म्हणाल्या. "कानांचं दोन वर्षांपासून माहीत आहे. मीच झाकत आले."

भावजी फोनपाशी गेले. पहिल्या दुकानदाराला त्यांनी फोन लावला आणि परत आलेल्यांतली सर्वांत जुनी बरणी उलटी करून तारीख वाचायला सुरुवात केली. या तारखेपासून पुढचे सहा आठवडे, हो, सगळ्या, विकलेल्यासुद्धा, गिऱ्हाइकांना फोन करा, नाही, नाही, उन्हाचा काही संबंध नाही, चूक आमची आहे. त्यांचा आवाज फाटत होता. मधल्या खोलीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या.

दादांनी पेनचं टोपण लावून ते कागदावर ठेवलं. मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

मान वळली नाही. त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकायचं नव्हतं, हे कळायला काही मार्ग नव्हता. वहिनी त्यांच्या पाठीशी उभ्या राहून बोलल्या, की मी दुसरं काय करणार होते, तुम्हीच सांगा, त्या माणसाचं मांजर गेलं हो, आणि मला तुमची लाज नाही वाटत, कधीच वाटली नाही. भावजी पलीकडे तारखा वाचत होते. बायकांपैकी कुणीतरी नाक ओढलं. मग वहिनींनी टेबलाखालचं स्टूल ओढलं, भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या एवढ्याशा जागेत कसंबसं सरकवलं आणि अंग चोरून दादांच्या बरोबर समोर बसल्या.

दादांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.